डोंबिवलीचे आकडे, देवळालीचे मास्तर

2025 साल लागलं त्या सकाळी आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात एक गणिती मेसेज आला. 20 आणि 25 यांची बेरीज 45, आणि 45 ला 45 ने गुणलं की बरोबर 2025. एकीने टाळ्या पाठवल्या, दुसरीने फुलं पाठवली, आणि मेसेज वर सरकून गेला. 45 सारख्या आकड्यांना जगभर एका मराठी शाळामास्तरांच्या नावाने ओळखतात, हे आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू!

मास्तरांची आणि माझी ओळख त्यानंतर झाली, आणि ती झाली एका रडण्यामुळे. शेजारची आठवीतली मुलगी आई ऑफिसातून येईपर्यंत माझ्याकडे असते. एक दिवस पाहते तर वहीवर डोळ्यांतलं पाणी पडलेलं. एकाला सातने भागायचं होतं. भागाकार संपतच नव्हता. शून्य पॉइंट एक चार दोन आठ पाच सात, मग पुन्हा एक चार दोन... आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून तिने तीनदा खोडून पुन्हा केलं होतं.

मैत्रिणींनो, तिचं काहीच चुकलं नव्हतं. आणि अशाच न संपणाऱ्या भागाकारांवर एका माणसाने आयुष्यातली कितीतरी वर्षं आनंदाने घालवली होती. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म 17 जानेवारी 1905 चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद असलेले. आता ज्योतिष खरं की खोटं हा वाद आज नको, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि ती या आईवेगळ्या पोराला वडिलांनी जवळ बसवून शिकवली. शाळा ठाण्याला झाली. मुलाला कोडी सोडवायचं वेड लागलं. पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय म्हणजे रँग्लर परांजपे. त्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस 1927 साली कापरेकरांना मिळालं, तेही परीक्षेतल्या मार्कांसाठी नव्हे, तर स्वतंत्रपणे केलेल्या कामासाठी. 1929 ला बी.एस्सी. झाले आणि 1930 मध्ये नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर म्हणून लागले. 1962 ला निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. बत्तीस वर्षं फळा आणि खडू.

इथे मला थोडं थांबायचंय. आमच्या घरी मुलीच्या जातीला गणित किती लागतं, दुधाचा आणि किराण्याचा हिशेब आला की झालं, असं मानलं गेलं. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी तेच झालं असेल! म्हणून हा मास्तर मला जवळचा वाटतो. त्यांनीही दुधा-किराण्याचेच आकडे घेतले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, यापलीकडे फारसं काही लागतच नाही त्यांच्या गणिताला. पाटी-पेन्सिल असली की पुरे.

आता तो भागाकार. त्या मुलीला मी समजावलं ते भोंडल्याचं उदाहरण देऊन (तुमच्याकडे हादगा म्हणत असाल). सातने भागताना बाकी काय काय उरू शकते? एक ते सहा, एवढंच. शून्य उरली तर भागाकार संपला, पण इथे ती उरतच नाही. मग सहा पायऱ्यांच्या आत कुठली तरी बाकी पुन्हा येणारच, आणि ती आली की पुढचं सगळं पहिल्यासारखं. एक, तीन, दोन, सहा, चार, पाच, आणि परत एक. सहा बायका हातात हात घालून फेर धरतात तसा हा सहा बाक्यांचा फेर आहे. भागाकारात त्यातून 142857 हे आकडे पडतात आणि फिरत राहतात. अशा अपूर्णांकांना पुस्तकात आवर्ती दशांश म्हणतात.

बरं, आता दोनला सातने भागा. 285714. तीनला भागा, 428571. चारला, 571428. तेच सहा आकडे आणि तोच क्रम, फक्त गाणं दुसऱ्या बाईपासून सुरू होतं! मुलगी रडायची थांबली आणि पाचला, सहाला भागून पाहू लागली. मी चहा ठेवायला उठले.

सगळेच आकडे असे गुणी नसतात. 13 ने भागलं तर बाक्या बारा, पण फेर दोन, सहा-सहा जणींचे. एक भागिले 13 चे आकडे 076923, आणि दोन भागिले 13 चे एकदम वेगळे, 153846. जणू एका वाड्यात दोन भाऊबंदांच्या वेगळ्या चुली. 11 चा फेर तर दोनच आकड्यांचा, 37 चा तीन. पण 17 चा पुरा सोळा आकड्यांचा, 19 चा अठरा, 97 चा शहाण्णव. शंभराच्या आत असे पुरा फेर धरणारे नऊच आकडे आहेत: 7, 17, 19, 23, 29, 47, 59, 61 आणि 97.

कापरेकरांनी याच फेरांचं पुस्तक काढलं. आवर्ती दशांशांच्या चक्रांवरचा पहिला भाग 1950 साली आला, त्यात 3 पासून 161 पर्यंतचे भाजक आणि आणखी काही. दुसरा भाग 1953 ला. पहिल्या भागाचे प्रकाशक ते स्वतः, ठिकाण देवळाली. 149 चा फेर 148 आकड्यांचा आहे. कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर नाही, वर दिवसभराची शाळा आहेच. आपण स्वेटरचा एक टाका चुकला की कपाळाला हात लावतो. इथे एक बाकी चुकली की पुढचं सगळंच चुकीचं.

कुणी म्हणेल, हे उद्योग सांगितलेत कुणी? त्या काळातही म्हणतच होते. मोठमोठ्या पदव्यांच्या मंडळींना मास्तरांचे आकडे म्हणजे पोरखेळ वाटायचे, आणि पुष्कळजण हसायचे. पण हा पोरखेळ जर्मनीच्या गाउसनेही तरुणपणी केला होता. हजारपर्यंतच्या भाजकांच्या अशाच याद्या त्याने तयार केल्या होत्या, आणि 1801 च्या त्याच्या थोर ग्रंथात या दशांशांना जागा आहे. कारण यात एक खोल गोष्ट लपली आहे. मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी संख्या, हिच्या फेराची लांबी नेहमी तिच्यापेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येला भागते. 13 चा फेर सहाचा, आणि सहाने बाराला भाग जातो. 37 चा तीनचा, तीनने छत्तीसला भाग जातो. आकडे कुणी सांगितलं नसताना शिस्तीत वागतात.

आणि या शिस्तीतलं एक कोडं अजून सुटलेलं नाही. पुरा फेर धरणाऱ्या या गुणी संख्या किती? मोजत गेलं की सापडत राहतात, पण त्या कधी संपतात की अनंत आहेत? अनंत असाव्यात, असा अंदाज एमिल आर्टिन नावाच्या गणितीने 1927 साली मांडला, म्हणजे आपल्या मास्तरांना परांजपे बक्षीस मिळालं त्याच वर्षी. सिद्धता आजवर कुणाला देता आलेली नाही. 1986 मध्ये ऑक्सफर्डच्या हीथ-ब्राउन यांनी मोठी मजल मारली. दहाच्या जागी 2, 3, 5 असा मूळ संख्येचा पाया घेऊन मोजलं, तर फार तर दोन पाये सोडता बाकी सगळ्यांसाठी अंदाज खरा आहे, हे त्यांनी दाखवलं. पण ते दोन आहेत की नाहीत, असले तर कुठले, हे सांगता येत नाही. आणि आपला रोजचा दहा? त्याचं उत्तर नाहीच. आठवीतल्या भागाकारातून निघालेला प्रश्न, आणि जगातल्या शहाण्यांना शंभर वर्षं हुलकावणी देतोय! गंमत म्हणजे बाक्यांचा हाच फेर, खूप मोठ्या आकड्यांवर, 1976 पासून गुप्त संदेशांना कुलूप घालायलाही वापरतात.

आता त्या 45 कडे वळू. वर्ग केला, 2025. मधून तोडला, 20 आणि 25. बेरीज पुन्हा 45. 9 चंही तसंच, वर्ग 81, आठ आणि एक नऊ. 55 चा वर्ग 3025, तीस आणि पंचवीस पंचावन्न. 297 चा 88209, अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे नऊ. घर फोडून दोन वाटे केले आणि एकत्र आणले की पुन्हा तेच घर, अशा या कापरेकर संख्या. आता आपला 142857 घ्या. त्याचा वर्ग 20408122449. याचे 20408 आणि 122449 असे दोन भाग करा आणि बेरीज करा. करून बघाच, मी सांगत नाही.

हा योगायोग नाही. आवर्ती दशांशांचं मूळ 9, 99, 999 अशा नुसत्या नऊंच्या आकड्यांत असतं. 27 गुणिले 37 बरोबर 999, म्हणून एक भागिले 27 चे आकडे 037 आणि एक भागिले 37 चे 027, एकमेकींची ओटी भरल्यासारखे! कापरेकर संख्यांचं गुपितही याच नऊंच्या आकड्यांच्या भाजकांत दडलेलं आहे. ते नीट सिद्ध होऊन छापलं गेलं 2000 साली, परदेशात. मास्तर जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

नवी मुंबईत राहणाऱ्या बाईला आकड्यांची तशी सवय असते. आमच्याकडे पत्ताच आकड्यांत. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, बिल्डिंग, खोली. सिडकोने हे शहर वसवायला घेतलं 1970 साली आणि प्रत्येक खाडीकाठाला नंबर दिला. पण कापरेकरांनी उलट केलं, आकड्यांना गावांची नावं दिली. आमच्या ठाणे-वाशी गाडीने ठाण्याला उतरून कल्याणकडची लोकल पकडली की डोंबिवली लागतं. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात त्या स्टेशनाला डेमलो म्हणत, मुंबईपासून तीस मैल. तिथे मास्तरांना एक कल्पना सुचली आणि त्या जातीच्या संख्यांना त्यांनी नाव ठेवलं डेमलो संख्या. त्यातल्या सगळ्यात देखण्या तुम्हालाही करता येतील. 11 गुणिले 11, 121. 111 गुणिले 111, 12321. 1111 चा वर्ग 1234321. चढायचं आणि उतरायचं, देवळाच्या पायऱ्यांसारखं. आज त्या स्टेशनावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. गर्दीत चेंगरताना तुम्हाला 12321 आठवला तर मला कळवा.

दुसरं गाव देवळाली. कुठलाही आकडा घ्या, त्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवा. 23 मध्ये दोन आणि तीन मिळवले की 28, मग 38, मग 49... ही माळ पुढे जात राहते. म्हणजे 28 चा जन्म 23 पासून. पण काही आकडे असे असतात की त्यांना जन्म देणारं कुणीच सापडत नाही. 20, 31, 42, 53... यांना मास्तरांनी स्वयंभू संख्या म्हटलं. जगात काहीजण त्यांना देवळाली संख्या म्हणतात, काहीजण कोलंबियन, कारण 1970 च्या दशकात दूरच्या कोलंबियातल्या एका गणितीनेही त्यांचा प्रश्न मांडला होता. ज्या आकड्यांना त्यांच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, जसे 12, 18, 21, त्यांचं नाव हर्षद. आनंद देणारे. ही नावं ऐकल्यावर मला तरी हा माणूस रुक्ष वाटत नाही. लोक त्यांना गणितानंद म्हणत, ते उगाच नाही.

आणि 6174. हा आकडा त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारी अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा, वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही 6174 वर येता आणि तिथून हलत नाही. मुलीला म्हटलं, मास्तरांचं जन्मसाल घे. 9510 वजा 0159, 9351. मग 8172, 7443, 3996, 6264, 4176, आणि 6174. पूर्ण सात. मग मृत्यूचं साल 1986 घेतलं. 9861 वजा 1689, पहिल्याच फटक्यात 8172, म्हणजे तोच मगाचचा रस्ता. एकूण सहा वजाबाक्या.

आता जरा अवघड भाग. 1962 ला मास्तर निवृत्त झाले. 1966 साली त्यांची पत्नी वारली. त्यानंतर पेन्शन पुरेना. वास्तविक या माणसाच्या गरजा त्या किती! कमीत कमी पैशांत राहायचं, उरलेला वेळ आकडे. तरीही पोटासाठी त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. मास्तरांच्या चरित्रांत पत्नीच्या वाट्याला ही एवढीच ओळ येते, की ती गेली आणि मग पैसे पुरेनात. मी ती ओळ दोनदा वाचली. ती असताना पुरत होते म्हणजे कुणीतरी पुरवत होतं, असं माझ्या बाईच्या मनाला वाटतं. मास्तरच्या पगारात घर चालवायचं, त्यातून पदरच्या खर्चाने पुस्तिका छापायच्या. 148 आकड्यांचा तो फेर पूर्ण होईपर्यंत जेवण कुणी झाकून ठेवलं असेल? हे मी कल्पनेनेच म्हणते आहे, आणि तुम्ही तुमच्या घरावरून ठरवा.

मास्तर मात्र आकड्यांपासून हलले नाहीत. स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका 1963 ची, म्हणजे निवृत्तीनंतरची. हसणारे हसत राहिले, पुस्तिका निघत राहिल्या. आणि मग 1975 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी देवळालीच्या या मास्तरांविषयी लिहिलं. गार्डनरांचं गणिती खेळांचं सदर तेव्हा जगभर वाचलं जायचं. सत्तरी गाठलेल्या शाळामास्तरांचं नाव एकदम देशोदेशी गेलं. आपल्या लोकांना त्यानंतर जाग आली. बाहेरच्यांनी वाखाणल्याशिवाय आपल्याला घरच्यांचं मोल कळत नाही, याची बायकांना निराळी उदाहरणं द्यायला नकोत! 1986 साली देवळालीलाच ते गेले.

परवा ती मुलगी गॅसच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर एकाला 19 ने भागत बसली होती. अठरा आकडे व्हायचे होते. नववा आकडा लिहिला आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली, आई आली. मी म्हटलं, राहू दे, उद्या कर. तिने मान वर केली नाही. सातच्या वेळी 142 आणि 857 ची बेरीज 999 आली होती ते तिच्या लक्षात होतं. आलेल्या नऊ आकड्यांतला एकेक आकडा तिने नऊमधून वजा केला, पुढचे नऊ भराभर लिहून टाकले आणि चपला घालून निघाली. ती गेल्यावर मी भागाकार पुढे करून पाहिला. पाऊण तास गेला, आमटी उतू गेली. आकडे तिचेच बरोबर निघाले.